राघू रंगाची माती

"काय साहेब, बरं आहे ना?" असं कुणी विचारलं, तर आमचे केमिस्टसाहेब "बरं आहे" असं साधं उत्तर कधी द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, "सात." एखाद्या दिवशी मान कलती करून म्हणायचे, "आज जरा साडेपाच." नवा माणूस गोंधळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. आम्हाला मात्र कळायचं. सात म्हणजे सगळं ठीक, साडेपाच म्हणजे घरी काहीतरी आंबलंय, आणि नऊ म्हणाले तर त्या दिवशी त्यांच्या टेबलाच्या आसपास फिरकायचं नाही.

हे आकडे मातीचे. माती आंबट आहे की खारी, ते शून्यापासून चौदापर्यंतच्या आकड्यांत सांगतात, त्याला पीएच म्हणतात, आणि सात म्हणजे बरोबर मध्यावर, हे मला त्यांनीच शिकवलं. सहावीत शाळा सुटलेल्या बाईला हे शिकवून काय करायचंय, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. माझ्या मनात मात्र रोज यायचं.

दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. कुपवाडला कारखान्यांची वसाहत नुकती भरत होती. ह्यांना तिथल्या फाउंड्रीत काम लागलं म्हणून खंडाळ्याकडचं गाव सोडून आम्ही सांगलीला आलो, आणि बिऱ्हाड लागतंय न लागतंय तोच फाउंड्रीची भट्टी बंद पडली. मग हे मिळेल ते काम करत हिंडायचे. गावाकडं परत जायचं तर काय तोंडानं जायचं? अशात कुणीतरी सांगितलं की सायकलच्या घंट्यांना आणि हँडलांना निकेल चढवायचा एक कारखाना आहे, तिथं फाटकाजवळच्या बागेला पाणी घालायला बाई पाहिजे.

ह्यांनी मला सायकलवर मागं बसवून नेलं. कितवी शिकलीस असं विचारतील, तेव्हा सहावी सांगायची की सातवी रेटून सांगायची, याचा मी वाटभर विचार करत होते. सातवीवर आले होते. पण साहेबांनी तसलं काही विचारलंच नाही. किडकिडीत माणूस, जाड भिंगांचा चष्मा, आणि बुशशर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पिवळसर कागदाच्या बारीक पट्ट्यांची चोपडी. त्यांनी तीन कप पुढं ओढले. तिन्हींचे कान तुटलेले. तिन्हींत गढूळ पाणी. प्रत्येकात एकेक पट्टी बुडवली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"हा रंग कोणता?"

"राघू," मी म्हटलं.

"राघू म्हणजे?"

"म्हंजी पोपटाच्या पंखावानी. माझ्या चुलतीचं लुगडं हाय असलं."

"आणि हा?"

"मोरपंखी."

"हा?"

"ह्यो चिंतामणी. निळ्याच्या आन् जांभळ्याच्या मदला."

साहेबांनी डोळेच मिटले. मला वाटलं, चुकलं; गेलं काम. ते हळूच म्हणाले, "तीन कपांना तीन नावं! आमच्या कारखान्यातल्या पुरुषांना विचारलं तर तिन्ही हिरवे म्हणतात. उद्यापासून या."

गंमत अशी, की साहेबांना स्वतःला रंग नीट कळायचे नाहीत. पिवळं, निळं, पांढरं दिसायचं. पण तांबडं, हिरवं, नारिंगी, पोपटी हे सगळं त्यांच्या डोळ्यांना एकाच मातकट रंगाचं. आणि धंदा तर रंग बघून आकडा सांगायचा! कॉलेज कसं पार पडलं असं एकदा कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "शेजारच्या टेबलावरचा मुलगा फार भला होता." ते हे लपवत नसत, आणि आम्हीही मालकांपर्यंत कधी नेलं नाही. साहेब पट्टी वर धरून "रंग?" म्हणून ओरडायचे, आणि जवळ असेल तो सांगायचा. मी आल्यापासून तो मान माझ्याकडे आला. राघू म्हणजे सात, मोरपंखी म्हणजे आठ, चिंतामणी म्हणजे नऊ, असं ठरूनच गेलं. महिनाभरात प्लेटिंगच्या टाकीवरची दांडगी दांडगी माणसंसुद्धा "साहेब, टाकी आबोलीवरनं नारिंगीवर आली" असं म्हणायला लागली. त्यातल्या एकानं आपल्या बायकोला दिवाळीला लुगडं बरोबर रंगाचं नेलं, आणि त्याचं श्रेय मला दिलं.

बाग म्हणजे फार काही नव्हती. फाटकापासून कचेरीपर्यंत रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लांबट वाफे. पण साहेबांचा जीव टाकीपेक्षा त्या वाफ्यांत जास्त. वाफ्यात शिरताना चपला बाहेर काढायचे, देवळात जावं तसे. "रस्त्याची धूळ आत नको," म्हणायचे. माती तपासायची त्यांची रीत ठरलेली. वरची पालापाचोळ्याची माती बोटभर खरवडून बाजूला सारायची. मग वीतभर खोल खुरप्यानं काढायची, हातानं नाही, कारण हाताला घाम असतो. एकाच जागची नाही, वाफ्याच्या चार जागची घ्यायची आणि मिसळायची. सावलीत वाळवायची. चहाच्या गाळणीनं गाळायची. ती गाळणी आमच्या कँटीनमधून गेली ती परत आली नाही. मग कपात माती आणि तिच्या दुप्पट, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, ढवळायचं, आणि गाळ खाली बसेपर्यंत गप्प राहायचं. बोलायचं सुद्धा नाही. का, तर ते म्हणायचे, "आपण उत्तर आधीच बोलून टाकतो आणि मग तेच आपल्याला दिसतं. गाळ बसू द्या, मग तोंड उघडा." घरी हे चिडले की मी अजून तसंच करते.

त्या पट्ट्यांपासून काहीच सुटलेलं नव्हतं. चहा, ताक, उसाचा रस, बोअरचं पाणी, कृष्णेचं पाणी, संकष्टीचं तीर्थ. कँटीनवाला तर साहेब दिसले की कढीचं पातेलं झाकायचा. एकदा फाटकावरचे हवालदार झाडाखाली बसल्या बसल्या पेंगले होते. मिशीवर घामाचा थेंब. साहेब चवड्यांवर चालत गेले आणि पट्टी टेकवली. हवालदार खाडकन उठून उभे राहिले आणि सलाम ठोकून म्हणाले, "जागाच हाय साहेब!"

"सहा," साहेब म्हणाले. "झोपा तुम्ही."

माझ्यावरही वेळ आली. श्रावणातला पहिला सण. आमच्याकडं लेकी माहेराला येतात, झोके बांधतात, आणि मी इथं कुपवाडात पाइप धरून उभी. भाऊ न्यायला येतो असा निरोप होता, तो आला नाही. पाणी घालता घालता मला रडू आलं. कुणाला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड केलं. मागं चाहूल लागली. साहेब. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण माणसाशी काय बोलायचं हे त्यांना सुचायचं नाही. शेवटी त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि संकोचून म्हणाले,

"बाई, रागावू नका. एक थेंब मिळेल का?"

मी बघतच राहिले. मग मला असं हसू फुटलं, की पाइप हातातून सुटला आणि साहेब गुडघ्यापर्यंत भिजले. तरी पट्टी त्यांनी कोरडी ठेवली होती. मी स्वतःच गालाला लावली.

"रंग?"

"राघूच. वाईच पुढं."

"मग काही बिघडलेलं नाही तुमचं," ते म्हणाले, आणि चपला शोधत निघून गेले.

त्याच सुमाराला मालकांनी ते फर्मान काढलं. कारखान्यात स्कूटरी वाढायला लागल्या होत्या आणि त्या उन्हात उभ्या असायच्या. मालक एका शनिवारी गाडीतून उतरले, वाफ्यांवर नजर टाकली आणि साहेबांना म्हणाले, "खंडेनवमीला दर वर्षी बाजारातून फुलं आणतो आपण. मग ही बाग कशाला पोसतोय? यंदा सगळ्या यंत्रांना आपल्या बागेचा झेंडू पाहिजे. नाही पुरला, तर दसऱ्यानंतर हे सपाट करा. स्कूटर स्टँड होऊ दे."

बाग गेली तर बागेची बाई कशाला राहते? मी तिथंच उभी होते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मालकांची गाडी गेल्यावर एवढंच म्हणाले, "आठ."

आषाढात लावलेली रोपं तेव्हा वीतभर झाली होती, पण त्यांच्यात जोम म्हणून नव्हता. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. साहेबांना पिवळं दिसतं, तेव्हा ते त्यांच्याही डोळ्यांत आधीपासून खुपत होतं. आम्ही माती काढली. गाळ बसला. पट्टी बुडवली.

"रंग?"

मला खोटं बोलावंसं वाटलं; जमलं नाही. "चिंतामणी," मी म्हटलं.

म्हणजे नऊच्या आसपास. एवढ्या खाऱ्या मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात, असं साहेबांनी सांगितलं. मग उपाय सुरू झाले. साखर कारखान्यावरून मळी आणून वाफ्यात मिसळली. गंधकाची पूड दिली. हिराकशीचं, म्हणजे लोहाच्या क्षाराचं, पाणी फवारलं, तेव्हा पानं चार दिवस जरा टवटवीत झाली. पण माती काही हटेना. आज मोरपंखीवर आली म्हणावं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा चिंतामणी. साहेबांनी बोअरच्या पाण्यावर संशय घेतला. पाण्याचा रंग राघू निघाला. मग माझ्यावर घेतला: "बाई, चुलीची राख तर नाही ना टाकत? खरं सांगा." मी देवाची शपथ घेतली आणि रात्रभर जागी राहिले. साहेबांनी सकाळी स्वतःहून सांगितलं, "शपथ कशाला घेतलीत? नाही म्हणालात, मी मानलं." तेव्हा कुठं मला श्वास आला.

आता हवालदारांबद्दल सांगायला हवं. ते साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, आणि फाटकाची शिस्त ही त्यांची. वाफ्यांच्या कडेला तिरक्या रोवलेल्या विटा त्यांनीच बसवल्या होत्या, दोरी लावून, एक वीट इकडची तिकडं नाही. दर शुक्रवारी, मालक शनिवारी येतात म्हणून, ते त्या विटांना चुना मारायचे, रस्त्याच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ ओढायचे, आणि उरलेला चुना बादली विसळून वाफ्यात ओतायचे. "रोपास्नी किडा लागत न्हाई," म्हणायचे. मला ते माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, सगळ्या कारखान्याला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं. आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात काही शिरलं नाही, कारण त्या पांढऱ्या विटांमुळं तर बाग बागेसारखी दिसायची!

एका शनिवारी सकाळी मी पाणी घालत होते, आणि साहेब वाफ्यात अनवाणी उकिडवे बसून पानं निरखत होते. पाइपाची धार विटांवर गेली. विटांवरून दुधासारखं पाणी ओघळलं आणि रोपांच्या बुडाशी गेलं.

"थांबा!" साहेब एवढ्यानं ओरडले, की मी पाइप टाकूनच दिला. "पांढरं! बाई, पांढरं! हे मला दिसतंय!"

पट्टी लावली. गर्द जांभळी झाली. साहेब त्या जांभळ्याकडं असे बघत होते, जसं काही हरवलेलं पोर सापडलं.

पण चुना सापडला म्हणून हवालदार सापडले असं थोडंच! साहेबांनी त्यांना कप दाखवले, पट्ट्या दाखवल्या, आकडे सांगितले. हवालदार हात मागं बांधून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवं साहेब, पलटणीत बरॅकीफुडं गुलाब ह्ये एवढालं यायचं. आन् चुना तर असा मारल्याला, की रातचा कंदील लागू नये. मग ते कसं आलं?"

"तिथली माती आंबट असेल, हवालदार. तिला चुना मानवला असेल. ही आधीच खारी आहे."

"माती आंबट! म्या काय खाऊन बघितली न्हाई बा." आणि माझ्याकडं वळून, "पोरी, तुजं काम वाचावं ह्ये मलाबी वाटतंय. पर मालक शनवारी पयलं काय बघत्यात? इटा. इटा काळ्या दिसल्या तर मला फाटकावर कोण ठिवंल?"

ते ऐकून साहेब वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले. गाळ बसेपर्यंत बसतात तसे, बराच वेळ. मला तर वाटलं, संपलं. एकाची भाकरी टिकवायची तर दुसऱ्याची जाते. यात साहेबांचे आकडे काय करणार?

मग साहेब म्हणाले, "चुना नको. रंग पाहिजेच ना विटांना? गेरू लावा."

"गेरू? तुळशीकट्ट्याला लावत्यात त्यो?"

"त्यानं मातीचं काही बिघडत नाही. रेघा तुमच्या तशाच सरळ. शिस्त तीच, गणवेश फक्त बदलला."

'गणवेश' म्हटल्यावर हवालदारांची मिशी हलली. लगेच हो म्हणाले नाहीत. चार दिवस माझ्याशी धड बोललेही नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी बघते, तर बादलीत गेरू कालवलेला आणि हवालदार जमिनीवर झोपून दोरीनं विटांची रांग तपासतायत. मी कडेची चुनखडलेली माती वीतभर खरवडून पाट्यांनी बाहेर टाकली, नवी मळी भरली. हवालदारांनी न सांगता पाट्या उचलल्या.

शनिवारी मालक उतरले. "हवालदार! विटा लाल कशा?"

मी पाइप घट्ट धरला. हवालदारांनी टाचा जुळवल्या. "साहेब, ह्यो इटांचा पावसाळी युनिफॉर्म हाय!"

मालक जरा थांबले, हसले, आणि आत गेले.

या गेरूचा एकच तोटा झाला, तो साहेबांना. हिरवं आणि तांबडं त्यांना एकच, तेव्हा विटा त्यांच्या डोळ्यांपुरत्या नाहीशाच झाल्या. रोज सकाळी एकदा तरी ठेच लागायची. नडगीवर निळे डाग. हवालदार मोठ्या मायेनं म्हणायचे, "साहेब, तुमच्यापुरत्या दोन इटा पांढऱ्या करू का?" साहेब नडगी चोळत म्हणायचे, "खबरदार."

भाद्रपद सरेपर्यंत माती मोरपंखीवरून राघूकडं झुकली. मी दर आठवड्याला रंग सांगायचे आणि सांगायच्या आधी पट्टी दोनदा बघायचे. आज मागं तर सरकली नसेल? पानं हिरवी झाली. मग एका सकाळी पहिली कळी दिसली. आणि मग झेंडूनं जे धरलं, ते बघून साहेबांना दुसरं काही सुचेना. झेंडूचा पिवळा त्यांना पुरेपूर दिसायचा. कामाच्या मध्येच बाहेर यायचे, बघायचे, आत जायचे.

खंडेनवमीला आम्ही उजाडायच्या आधी फुलं तोडायला लागलो. प्लेटिंगवाल्यांच्या बायका माळा करायला आल्या होत्या. टाक्यांना, मोटारींना, पॉलिशच्या चाकांना, कँटीनच्या स्टोव्हला, स्कूटरींना आणि हवालदारांच्या काठीलासुद्धा माळ झाली. मालक आले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मालकांनी उरलेल्या फुलांच्या पाटीत हात घातला, एक माळ उचलली आणि आपल्या गाडीला बांधत, मागं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी गुलाबपण लावा."

बस, एवढंच. मला ते कळलंच नाही. मी अजून 'सपाट करा'ची वाट बघत उभी होते. साहेब लगबगीनं माझ्याजवळ आले. "ऐकलंत का? पुढच्या वर्षी म्हणाले. पुढच्या वर्षी!" मी म्हटलं, "व्हय का?" आणि पाटीच्या काठाला धरून खाली बसले.

घरी ह्यांना सांगितलं, तरी माझा विश्वास बसेना. दसऱ्याला कारखान्याला सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर मी उगीच कुपवाडला चालत गेले, बाग आहे का बघायला. फाटक उघडं होतं. साहेब आणि हवालदार वाफ्याजवळ उभे राहून हमरीतुमरीवर आले होते. साहेबांच्या हातात गुलाबाचं कलम, हवालदारांच्या हातात कुदळ.

"रांगेत लावायचं! फाटकापास्नं कचेरीपातूर, एका लायनीत!"

"रांग कसली? जिथली माती मानवेल तिथं लावायचं."

"मग ते इस्कटल्यावानी दिसंल!"

"दिसू दे!"

मला बघून दोघं थांबले. मला वाटलं, आता साहेब पट्टी काढतील आणि रंग विचारतील. त्यांनी खिशाला हात लावला नाही.

"बाई, तुम्ही सांगा," ते म्हणाले. "पाणी तुम्हाला घालायचंय. कुठं लावायचं?"

"व्हय, तूच सांग पोरी," हवालदार म्हणाले, "न्हाईतर हितंच सूर्य मावळंल."

लहानपणापासून मला पुष्कळ कामं सांगितली गेली होती. कुठं काय करायचं असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. कचेरीच्या खिडकीखाली सकाळचं ऊन येतं आणि दुपारची सावली पडते, तिथं थांबले.

"हितं," मी म्हटलं.

हवालदारांनी कुदळ उचलली आणि तिथंच मारली.